जज्जसाहेब बंबात बसले की

दर सहा वर्षांनी, मार्चमधल्या एका शुक्रवारी, टॅमरॅक गावचा आगीचा बंब शेडबाहेर काढून रस्त्याच्या कडेला उभा करायचा आणि रिकाम्या शेडमध्ये जेवणाची टेबलं मांडायची, ही पद्धत आर्डिस टॉलेफसननं पाडली. त्या संध्याकाळी गावात कुठे आग लागली तर काय, असं पहिल्या वर्षी कुणीतरी विचारलं होतं. "बंब बाहेरच आहे, उलट लवकर निघेल," असं म्हणून आर्डिसनं त्याच्याच हातात बटाटे सोलायला दिले. तिला विचारलेल्या शंकांचं साधारण असंच व्हायचं.

जेवण असायचं लेलंड ब्रेके यांच्या निवडणुकीसाठी. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये जिल्ह्याच्या न्यायाधीशालाही मतं मागूनच निवडून यावं लागतं, आणि मतं मागायची म्हणजे पाट्या, पत्रकं, टपाल असा खर्च आलाच. पण न्यायाधीशानं स्वतः कुणापुढे हात पसरायचा नाही. तो त्याच्या समितीनं पसरायचा. ब्रेकेंची समिती म्हणजे आर्डिस, तिचा नवरा व्हर्न होता तोवर व्हर्न, आणि आइस्क्रीमची एक रिकामी प्लास्टिकची बादली.

हॅम आणि सायीतले बटाटे संपले, केक कापायची वेळ झाली, की आर्डिस चमच्यानं बादलीवर टकटक करायची. त्याबरोबर लेलंड ब्रेके खुर्चीवरून उठायचे, कोट चढवायचे, कान झाकणारी टोपी घालायचे आणि बाहेर बंबात, चालकाच्या शेजारच्या सीटवर, जाऊन बसायचे. दार ओढून घ्यायचे. मग बादली फिरायची.

"अमक्यानं दिले हे मला कळलं, तर उद्या तो माझ्यापुढे उभा राहिल्यावर माझी नजर बदलेल," ते म्हणायचे. "आणि तमक्यानं दिले नाहीत हे कळलं, तर जास्तच बदलेल. त्यापेक्षा थंडी बरी."

बादलीत एक डॉलरच्या, पाच डॉलरच्या नोटा पडायच्या. एका म्हाताऱ्यानं एकदा अक्रोडांची पुरचुंडी टाकली, तर आर्डिसनं त्या अक्रोडांचा केक करून त्याचा लिलाव केला आणि तो त्याच म्हाताऱ्याच्या गळ्यात मारला. एका वर्षी गप्पांच्या नादात जज्जसाहेबांना आत बोलवायचं सगळेच विसरले. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. भांडी घासून झाली तेव्हा कुणाला तरी आठवण झाली. लेलंड आत आले ते लालभडक नाक आणि मिशीवर बर्फ घेऊन, आणि अगदी कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "निकाल काय लागला?"

शेडमध्ये माणसं हसून हसून टेबलांवर आडवी झाली. व्हर्नला तर ठसका लागला. आता त्यातली निम्मी माणसं टेकडीवरच्या दफनभूमीत आहेत. उरलेली आर्डिसला कुठे भेटली, की बोलता बोलता कुणीतरी हमखास विचारतं, "निकाल काय लागला?" ते दिवस गेले याचं वाईट वाटतं, दुसरं काय.

लेलंड गेल्या उन्हाळ्यात गेले. तळ्यावर गळ टाकून बसले होते, होडीतच गेले. त्यांची मुलगी सिग्ने मॅडिसनला, राजधानीत, मोठी वकील होती. जानेवारीत ती आर्डिसच्या दारात बुटांवरचं बर्फ झटकत उभी राहिली.

"बाबांच्या जागेवर मी उभी राहतेय. समिती तूच."

"सिग्ने, माझी सत्तरी उलटली."

"बाबा म्हणायचे, आर्डिसला वय विचारू नये, काम सांगावं."

व्हर्न गेल्यापासून आर्डिसला इतका आनंद झाला नव्हता. तिनं लगेच गोठ्याच्या माळ्यावरून जुन्या पाट्या खाली काढल्या. हिरव्या फळीवर पांढऱ्या अक्षरात नुसतं 'ब्रेके'. अख्खं नाव रंगवायचा व्हर्नला तेव्हा कंटाळा आला होता, त्यामुळे बापाच्या पाट्या लेकीला जशाच्या तशा चालल्या. त्या रोवायला गेलन आला. गेलन आर्डिसचा मुलगा, चाळिशी ओलांडलेला, अंगानं थोराड आणि बोलण्याला महाग. गोठलेल्या जमिनीत पहारीनं भोकं पाडत त्यानं गावभर पाट्या लावल्या. पहिली पाटी त्यानं लावली ती एल्रॉय ग्रून्केच्या शेताच्या तोंडाशी, टपालपेटीच्या शेजारी.

त्या टपालपेटीची हकीकत जुन्या गावाला पाठ आहे. बारा वर्षांपूर्वी गेलन दारू पिऊन गाडी चालवत होता आणि पत्रं काढायला आलेल्या एल्रॉयला त्यानं तिथेच उडवलं. एल्रॉय वाचला, पण त्याचा खुबा मोडला. एकटा माणूस, ना बायको ना पोर, आणि गोठ्यात चाळीस दुभत्या गाई. खटला ब्रेकेंपुढे आला. गेलनला सरकारकडून वकील मिळाला तो डेल वोयचिक, तेव्हा नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला.

सुनावणीच्या आधी ब्रेके भर कोर्टात म्हणाले, "या मुलाची आई माझ्या निवडणुकीसाठी पैसे गोळा करते. कुणाची हरकत असेल तर मी उठतो. शेजारच्या जिल्ह्यातले न्यायाधीश येतील."

सरकारी वकील म्हणाला, "साहेब, त्या बादलीत ज्यांनी ज्यांनी हात घातलाय त्यांना वगळलं, तर तुमच्यापुढे नुसती हरणं उभी करावी लागतील."

एल्रॉय कुबड्यांवर उठला. "बसा हो तुम्ही. आणि लवकर उरका, माझ्या गाई तुंबल्यात."

ब्रेकेंनी एक वर्षाचा तुरुंग सांगितला. पण रोज पहाटे आणि रोज संध्याकाळी तुरुंगातून सोडायचं, एल्रॉयच्या गाईंचं दूध काढायला. दूध झालं की परत कोठडी. मागच्या बाकावर बसलेल्या आर्डिसकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तुरुंगाची गाडी गेलनला गोठ्यावर सोडून गेली. एल्रॉय खिडकीतून शिव्या हासडत शिकवत होता आणि गेलनचे हात थरथरत होते, दारू न मिळाल्यामुळे. वर्ष संपलं, तुरुंग सुटला, गोठा काही सुटला नाही. आज त्यातल्या निम्म्या गाई गेलनच्या स्वतःच्या आहेत. दारूचा थेंब त्यानं त्यानंतर घेतलेला नाही.

आता यंदा सिग्नेच्या विरोधात उभा होता तो हाच डेल वोयचिक. आर्डिसला त्याचं काही वाटलं नव्हतं. चांगली माणसं एकमेकांविरुद्ध उभी राहतात, त्यात एक हरतो, मग दोघं मिळून कॉफी पितात. निवडणूक म्हणजे तिला एवढंच माहीत होतं.

फेब्रुवारीच्या अखेरीला आर्डिसच्या टपालात एक चेक आला. पाठवणारी 'निर्धास्त उंबरठा समिती', पत्ता मॅडिसनचा. आकडा वाचून आर्डिसनं चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. लेलंडच्या चारही निवडणुकांच्या बादल्या एकीत एक ओतल्या असत्या तरी तेवढे निघाले नसते. ही समिती कुणाची, हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. जिल्ह्याच्या दक्षिणेला वाळूच्या खाणी आहेत. तिथल्या विहिरी आटल्या म्हणून शेतकऱ्यांनी खाणवाल्यांवर खटला भरलाय, तो याच कोर्टात पडून आहे. समितीत पैसा त्या खाणवाल्यांचा. लोकांच्या उंबरठ्यांची काळजी त्यांना अचानक का लागली, हे कळायला वकिलीची सनद लागत नाही.

तिनं सिग्नेला फोन लावला. "एक चेक आलाय. परत पाठवतेय."

"कायदेशीर आहे ना?"

"आहे. पण कुणाचा आहे ते ऐक आधी."

"नको, मला नाव सांगूच नकोस. मला ते कळता कामा नये. बाबांचाच नियम ना?"

"तुझ्या बाबांच्या वेळी देणारे शेडमध्ये समोर बसलेले असायचे, सिग्ने. सगळ्यांना सगळे दिसायचे. नाही दिसायचे ते फक्त त्यांना."

"बँकेत भर, आर्डिस. आणि ऐक ना, यंदा त्या जेवणाचा घाट घालू नकोस. आता कशाला उगाच तुझी दमछाक?"

आर्डिसनं चेक भरला. त्या वर्षी बंब शेडमध्येच राहिला. जेवणाचा तो शुक्रवार आला तेव्हा आर्डिसला घरात काही सुचेना. तिनं सवयीनं बटाट्यांचं पोतं आणून ठेवलं होतं. ते तिनं शेवटी चर्चच्या स्वयंपाकघरात नेऊन दिलं आणि गेलनला म्हणाली, "चल, मासे खायला जाऊ."

शुक्रवारी आमच्याकडे कुणी घरी जेवत नाही. हेल्गाच्या बारमध्ये तळलेले मासे, कोबीची कोशिंबीर आणि राय धान्याचा काळपट पाव खायला सारं गाव लोटतं. आर्डिस, गेलन आणि एल्रॉय नेहमीच्या टेबलावर बसले. गेलनपुढे दुधाचा पेला होता. खिडकीशी तळ्यावरच्या नव्या बंगल्यांतली माणसं बसली होती, शिकागोहून येऊन राहिलेली. वर टीव्ही चालू होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात टीव्हीवर गेलनचा चेहरा आला. बारा वर्षांपूर्वीचा, पोलिसांनी काढलेला फोटो, डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. मागून एक जाड आवाज बोलत होता. "या माणसानं दारूच्या नशेत एका शेतकऱ्याला चिरडलं. वकील डेल वोयचिकनं त्याला दुसऱ्याच दिवशी तुरुंगाबाहेर काढलं. तुमच्या जिल्ह्याचा न्यायाधीश असा हवा?" मग अंधार जाऊन सूर्य उगवला, गव्हाचं शेत आलं, सिग्नेचं नाव आलं, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात 'निर्धास्त उंबरठा समिती'. वाळूचा त्यात एक शब्द नव्हता.

बारमध्ये कुणी काटाही हलवला नाही. गेलनच्या हातातला माशाचा तुकडा हातातच राहिला.

"चिरडलं?" एल्रॉय मोठ्यांदा म्हणाला. त्याला ऐकू कमी येतं, त्यामुळे तो हळू बोलूच शकत नाही. "मी काय बेडूक आहे? आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढला हे खरंय. पहाटे साडेचारला. माझ्या गोठ्यात. आणि काढला कुणी, वोयचिकनं? शिक्षा लेलंडची होती. या गाढवांनी लेलंडच्या पोरीसाठी लेलंडच्याच तोंडाला काळं फासलंय."

जुनी माणसं हसली. कुणीतरी गेलनच्या पाठीवर थाप मारली. मॅडिसनमध्ये बसून जुनी कागदपत्रं चाळणाऱ्या कुणा पोराला वकिलाचं नाव दिसलं, फोटो दिसला, 'दुसऱ्या दिवशी सुटका' दिसली. न्यायाधीशाचं नाव वाचायचं त्याच्या डोक्यात आलं नाही. इथल्या शेंबड्या पोरानंही ही चूक केली नसती. पण खिडकीपाशी बसलेल्या बाईनं टीव्हीकडे पाहिलं, गेलनकडे पाहिलं, आणि आपल्या मुलीची खुर्ची ओढून जवळ घेतली. ते गेलननं पाहिलं. आर्डिसनंही पाहिलं. गेलन उठला, टेबलावर पैसे ठेवले आणि बाहेर ट्रकमध्ये जाऊन बसला.

मग ती जाहिरात सकाळच्या हवामानात, दुपारच्या मालिकेत, बास्केटबॉलच्या मॅचमध्ये, सगळीकडे लागायला लागली. पशुखाद्याच्या दुकानात नवीन मुलगी गेलनला सुटे पैसे हातात न देता काउंटरवर ठेवू लागली. एकदा कुणीतरी एल्रॉयच्या टपालपेटीला बिअरचा रिकामा कॅन बांधून ठेवला. गेलननं तो सोडवून कचऱ्यात टाकला आणि त्या संध्याकाळी आईकडे येऊन म्हणाला, "डलुथला जावं म्हणतोय. मामेभाऊ बोलावतोय. बंदरावर काम आहे."

"आणि गाई?"

"एल्रॉय विकेल. त्याचंही वय झालं."

डलुथचं बंदर तिनं पाहिलं होतं. तिथे गोठा नाही, पहाटेचं दूध नाही, शिव्या देणारा म्हातारा नाही. भाड्याची खोली आणि कोपऱ्याकोपऱ्यावर बार. तिथे गेलेला गेलन बारा वर्षांपूर्वीचा गेलन व्हायला किती वेळ लागणार? तिचा मुलगा तिला एकदा परत मिळाला होता. दुसऱ्यांदा मिळेल असं तिला वाटत नव्हतं.

समितीला फोन करून ती जाहिरात बंद करा, असं सांगता आलं असतं तर तिनं तेव्हाच सांगितलं असतं. पण नियम असा, की बाहेरची समिती ज्या उमेदवारासाठी जाहिराती करते, त्याच्या माणसांनी तिच्याशी जाहिरातींबद्दल बोलायचं नाही. संगनमत होऊ नये म्हणून. म्हणजे साऱ्या जिल्ह्यात कुणीही उठून तिथे फोन करू शकत होतं, न करू शकणारी एक सिग्ने आणि एक आर्डिस. मात्र सिग्नेला चारचौघांत बोलायला बंदी नव्हती. रेडिओवर, वर्तमानपत्रात ती एक वाक्य बोलू शकत होती. आर्डिस ते एक वाक्य मागायला गेली.

सिग्ने वडिलांच्याच घरी राहत होती. लेलंडची खुर्ची शेकोटीपाशी होती तशीच होती. सिग्नेनं कॉफी ओतली.

"एवढंच सांग लोकांना," आर्डिस म्हणाली, "की ती शिक्षा माझ्या बाबांची होती, आणि बरोबर होती. बास. जाहिरात तू केलेली नाहीस हे मला ठाऊक आहे."

"आर्डिस, त्या जाहिरातीनं मी वर आलेय. आधी मागे होते."

"गेलन गाव सोडून चाललाय."

सिग्नेनं कप खाली ठेवला. तिला गेलनबद्दल वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. लहानपणी दोघं याच तळ्यावर बर्फात भोक पाडून मासे धरायची. "एकदा कोर्टातल्या त्या खुर्चीवर बसले ना," ती म्हणाली, "की बाबा करायचे तसाच न्याय करीन. कुणाच्या बापाला भिणार नाही. पण आधी बसायला तर हवं."

"ज्यांच्या पैशावर बसशील त्यांचा खटला तुझ्याच पुढे यायचाय. ते वाळूवाले..."

सिग्ने ताडकन उठली. "हे मला ऐकता येणार नाही. नाव नको. मी जरा लाकडं घेऊन येते." आणि कोट न घालताच मागच्या दारानं बाहेर गेली.

आर्डिस शेकोटीपाशी बसून राहिली. शेकोटीशेजारी लाकडांचा ढीग छातीएवढा रचलेला होता. बऱ्याच वेळानं सिग्ने दोन ओंडके घेऊन आत आली, तेव्हा आर्डिसनं कोट घातलेला होता.

"तुझे बाबा बाहेर जायचे ते आपला न्याय वाकडा होऊ नये म्हणून," ती म्हणाली. "तू कशाला गेलीस, तुझं तूच बघ."

घरी येताना गाडीत तिला रडू आलं, आणि रडता रडता एक नको तो विचारही आला. आपल्या बादलीमुळेच तर गेलनला ती गोठ्यातली, सौम्य शिक्षा मिळाली नसेल ना? बादली फिरताना लेलंड बंबात असायचे हे खरं, पण हॅम कुणी शिजवलाय आणि बटाटे कुणी सोललेत, ते तर त्यांना दिसत होतंच. त्याच सुमारास एका परक्या ट्रकवाल्याला त्यांनी जवळपास तशीच शिक्षा दिली होती, हे तिनं मनाला बजावलं. मन पुरतं पटलं नाही. जुने दिवस तिला फार प्रिय होते, आणि ते आपल्याला वाटतात तितके स्वच्छ होते का, हे विचारायला आता कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं गाडी थेट डेल वोयचिकच्या कचेरीपुढे उभी केली. डेल आता टक्कल पडायला लागलेला, बाह्या दुमडून बसलेला माणूस होता. तिला पाहून तो उठून उभा राहिला.

"मिसेस टॉलेफसन, तुम्ही समोरच्या समितीच्या. इथे दिसलात तर गाव काय म्हणेल?"

"म्हणू दे. मला एवढंच सांगा, ती शिक्षा ब्रेकेंची होती, हे तुम्ही का बोलत नाही? एका वाक्यात ती जाहिरात आडवी होईल."

"मी गेलनचा वकील होतो. त्याच्या खटल्याबद्दल तोंड उघडायचं, तर आधी त्याला विचारायला हवं."

"मग विचारा. तो नाही म्हणणार नाही."

"म्हणूनच विचारत नाही," डेल म्हणाला. "मी बोललो की ते उत्तर देणार. मग आणखी फोटो, एल्रॉयच्या एक्स-रेचं चित्र, कुठून तरी तुमचा फोटो. दोन्हीकडून ओढाताण होणार ती त्याचीच. माझ्या अशिलाला मी माझ्या निवडणुकीत वापरणार नाही."

"मग हराल."

"बहुतेक." त्यानं तिच्यापुढे कॉफीचा कप सरकवला. "साखर घेता का? इथे दूध मात्र नाही, खरं तर या जिल्ह्यात ही शरमेची गोष्ट आहे."

आर्डिसनं कॉफी तशीच प्यायली. लेलंड गेल्यावर दफनाच्या वेळी तिला जसं भरून आलं होतं, तसं आत्ता आलं. इतके महिने ती त्यांना पाट्यांमध्ये, त्या घरात, त्यांच्या लेकीच्या जिवणीत शोधत होती. आणि त्यांचं वागणं बसलं होतं इथे, रंगाच्या दुकानावरच्या या खोलीत, विरोधी उमेदवाराच्या खुर्चीवर.

एप्रिलचा पहिला मंगळवार उजाडला. बर्फ वितळून रस्ते चिखलानं भरले होते आणि मेपलचा पाक उकळल्याचा गोड वास गावभर पसरला होता. आर्डिस गावच्या सभागृहात मत द्यायला गेली. व्हर्नबरोबर ती इथे यायची तेव्हा आत शिरताना तो तिला डोळा मारायचा. मतपत्रिकेवर ब्रेके हे नाव वर होतं, वोयचिक खाली. चार निवडणुका ज्या नावासाठी तिनं घरोघर दारं ठोठावली, त्या नावाशी पेन बराच वेळ थांबलं. मग तिनं खालचं वर्तुळ काळं केलं. बाहेर येऊन गाडीत बसल्यावर तिला वाटलं, आपण लेलंडच्या पाठीत खंजीर खुपसला. आणि असंही वाटलं, की लेलंड असते तर त्यांनीही खालचंच वर्तुळ काळं केलं असतं. दोन्ही गोष्टी तिला एकदमच खऱ्या वाटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिग्नेचा फोन वाजत होता तो तिनं वाजू दिला. अंड्याचं सँडविच आणि कॉफीचा थर्मास घेऊन ती एल्रॉयच्या गोठ्यावर गेली. गेलन शेवटच्या रांगेतल्या गाईंची आचळं पुसत होता. खिडकीतल्या रेडिओवर निकाल सांगत होते. सिग्ने ब्रेके थोडक्या मतांनी निवडून आली होती. गेलननं रेडिओ बारीक केला.

"तुझी मेहनत फळाला आली, आई."

"ती माझी मेहनत नव्हती." आर्डिस गवताच्या गठ्ठ्यावर बसली. हे त्याला सांगायचंच असं ती वाटेत ठरवून आली होती. "मी वोयचिकला मत दिलं, गेलन. तुझ्यासाठी. म्हटलं, तुझ्या बाजूनं निदान एक मत पडू दे."

गेलननं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं गाईच्या पाठीवर कपाळ टेकवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. तो रडतोय असं वाटून ती उठली. तो हसत होता.

"मी सिग्नेला दिलं," तो म्हणाला.

"तू? अरे, त्यांनी तुझं तोंड घरोघरी दाखवलं आणि तू..."

"सिग्नेला म्हणजे तिला नव्हे गं. तिथे ब्रेके लिहिलं होतं." त्यानं दूधयंत्राचे पेले गाईला लावले, हलक्या हातानं, एकेक करून. "त्या माणसानं मला इथे पाठवलं, आई. नाहीतर मी आज कुठे असतो? त्याचं नाव समोर असताना दुसऱ्या कुणाच्या नावाशी खूण करायला माझा हात उचलेना."

आर्डिस पुन्हा गठ्ठ्यावर बसली. तिला हसू येत होतं आणि डोळे वाहत होते, आणि दोन्हींपैकी कशालाच आवर घालावा असं तिला वाटेना.

"म्हणजे आपण मायलेकरांनी मिळून कुणालाच मत दिलं नाही," ती म्हणाली.

"चिखल तुडवत गेलो तेवढंच."

यंत्र लयीत चालू होतं. नळीतून दूध टाकीकडे चाललं होतं. आर्डिसनं थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून त्याला दिली आणि तो पिऊन होईपर्यंत धीर धरला.

"डलुथला कधी निघतोयस?"

गेलननं झाकण परत दिलं. "या महिन्यात तीन गाई विणार आहेत," तो म्हणाला. "आणि एल्रॉयला आता वाकता येत नाही."

पुढच्या महिन्याचं आर्डिसनं विचारलं नाही.